तीन नोट्स, दुखणं एकच

माझी पटकथा सांखळीच्या एका ट्रकवाल्याची आहे. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि कर्जावर घेतलेला त्याचा ट्रक दारात उभा राहिला. त्या घराचं पुढचं वर्ष म्हणजे ही गोष्ट. दुसरा ड्राफ्ट झाला तेव्हा गावच्या नाटकातल्या चार कलाकारांना बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसवून तो मोठ्याने वाचून घेतला. दिग्दर्शकाने वाचला, एका संकलक मैत्रिणीने वाचला, नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाला पणजीत भेटलेल्या दोन लेखकांनीही वाचला. सगळ्यांच्या मिळून 87 नोट्स, म्हणजे सूचना, जमल्या. काही ईमेलवर, काही व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये, काही मीच महोत्सवाच्या वेळापत्रकाच्या पाठीवर खरडलेल्या.

मी पान 1 पासून बसले. समोर येईल ती नोट करायची आणि खोडायची. तीन आठवडे संवाद घासले. मग कळलं की मधले अकरा सीनच काढावे लागणार, आणि माझी सगळ्यात जास्त मेहनत त्यांच्यावरच झाली होती. तुमचे तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

नोट मिळाली त्याच संध्याकाळी वहीत उतरवा, आणि समोरच्याच्या शब्दांत. आपल्या शब्दांत लिहिली की ती आपल्याला सोयीची होते. त्याच्या शेजारी एक रकाना ठेवा: दुखणं. कारण लोक बहुतेक वेळा औषध सांगतात. ‘बापाला दारू पिताना दाखव’ हे औषध झालं. मी परत फोन करून विचारलं, ‘वाचताना तुझं लक्ष नेमकं कुठे सुटलं?’ तेव्हा उत्तर आलं, ‘हा माणूस आतून मोडलाय हे मला पान 40 पर्यंत कळलंच नव्हतं.’ ते दुखणं. दारूशिवायही त्याला उपाय आहेत.

मग ढीग करा. कुणी सांगितलं त्यानुसार नको, पानांच्या क्रमानेही नको. गोष्टीच्या नोट्स वेगळ्या, पात्रांच्या वेगळ्या, एकेका सीनच्या वेगळ्या, आणि संवादाच्या अगदी शेवटी. वरचा ढीग संपेपर्यंत खालच्याला हात लावायचा नाही. हे पाळणं कठीण जातं, कारण संवाद बदलला की काम झाल्यासारखं वाटतं.

ढीग केल्यावरच मला एक गोष्ट दिसली. दिग्दर्शकाचं म्हणणं होतं, पान 70 च्या आसपास चित्रपट रेंगाळतो. मुलीचं काम वाचणारी म्हणाली, ‘बाबांवरचा हिचा राग मला पटत नाही.’ मैत्रीण म्हणाली, शेवट घाईत उरकलाय. तीन माणसं, तीन ठिकाणं. पण मूळ एकच: बाप ट्रक विकायचं ठरवतो तो क्षण मी दाखवलाच नव्हता. दोन सीनच्या मधल्या फटीत तो निर्णय होऊन गेला होता. मग नवा सीन लिहिला. पहाटे तो केबिनमध्ये चढतो, डॅशबोर्डवरचा शांतादुर्गेचा फोटो सोडवतो, शर्टाला पुसतो आणि घरात नेऊन ठेवतो. बोलत काहीच नाही. मुलगी खिडकीतून बघते. त्या एका पानाने तिन्ही नोट्स मिटल्या.

मात्र एक सीन आला की त्याचे धागे सगळीकडे ओढले जातात. फोटो डॅशबोर्डवर आहे हे सीन 6 मध्ये आधी दिसायला हवं. पुढे स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो असायला हवा. सीन 71 मध्ये आई ‘गाडीतली देवी’ म्हणत होती, ते वाक्य बदलावं लागलं. म्हणून वहीत तिसरा रकाना: याने आणखी काय हलतं. हा भरल्याशिवाय नोट खोडू नका.

सीनला टोपणनाव द्या, ‘बँकेचा सीन’, ‘फोटोचा सीन’. एक सीन वाढला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि जुन्या नोट्स भलत्याच सीनकडे बोट दाखवू लागतात. शूटिंगसाठी संहिता लॉक, म्हणजे पक्की, झाली की मात्र क्रमांक हलवत नाहीत. 45 नंतर नवा सीन आला तर तो 45ए होतो, काढलेल्या सीनचा क्रमांक ‘वगळला’ असं लिहून तसाच राहतो, बदललेल्या ओळीसमोर समासात तारा येतो. हॉलिवूडच्या पद्धतीत बदललेली पानं निळ्या, मग गुलाबी, मग पिवळ्या कागदावर काढतात. घरी बसून ड्राफ्ट लिहिताना यातलं काही लागत नाही. फाइलच्या नावात ड्राफ्टचा क्रमांक आणि तारीख घाला. ‘अंतिम’ हा शब्द नको.

नाकारलेली नोटही ठेवा, का नाकारली ते एका ओळीत लिहून. तीच नोट तिसऱ्या माणसाकडून आली तर पुन्हा विचार करायचा, असा माझा नियम आहे.

आणि एक इथल्यापुरतं. भिंतीवर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या जूनमध्ये दमटपणाने गळून पडतात. मी जाड पुठ्ठ्याची कार्डं दोरीला चिमट्यांनी लावते.

आत्ता चौथा ड्राफ्ट हातात आहे. वहीत अकरा नोट्स उघड्या आहेत, सगळ्या संवादाच्या, आणि बहुतेक एकाच प्रश्नाच्या: घरात कोकणी बोलणारी ही माणसं मराठीवर कधी येतात, बँकेत की देवळात? चतुर्थी झाली की त्या घेणार आहे.