घरात मधुमेह असेल तर हिरड्या कशा सांभाळायच्या

मधुमेह असलेल्या घरात बऱ्याच गोष्टी सगळ्यांना तोंडपाठ होतात. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची साखर, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासणं, तळपायांना मुंग्या येतात का ते पाहणं. हिरड्या मात्र या यादीत क्वचितच असतात. खरं तर दंतसंशोधक हाराल्ड लोए यांनी १९९३ सालीच हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं.

हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं. साखर वाढलेली राहिली की जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते, जखम उशिरा भरते आणि हिरड्या लवकर बिघडतात. उलट, हिरड्यांमध्ये सतत सूज राहिली तर त्या सुजेतून तयार होणारी रसायनं रक्तात मिसळतात, इन्सुलिनचा परिणाम घटतो आणि साखर चढते. हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजेच तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, सरासरी ०.४ने खाली येतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. म्हणजे ८ असेल तर साधारण ७.६. यामुळे गोळी किंवा इन्सुलिन सुटत नाही, पण एवढा फरक पडावा म्हणून डॉक्टर कधी कधी औषध वाढवतात, हे लक्षात घ्या.

हृदयविकाराबद्दल मात्र जपून बोलायला हवं. खराब हिरड्या आणि हृदयविकार एकत्र दिसतात हे खरं, पण हिरड्या बऱ्या केल्या की हार्ट अटॅक टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. तशी हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

१. आधी आरशात नीट बघा

मोबाइलचा टॉर्च लावा, खालचा ओठ बोटाने खाली ओढा आणि दात व हिरडी जिथे मिळतात ती कड बघा. निरोगी हिरडीची कड दाताला घट्ट चिकटलेली आणि पातळ असते. दोन दातांमध्ये ती टोकदार त्रिकोणासारखी भरलेली दिसते. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हिरड्यांवर काळपट, तपकिरी डाग असतात. तो त्वचेसारखाच नैसर्गिक रंग आहे, त्याने घाबरू नका. पाहायचं ते हे: कड फुगलेली, लालभडक, चकचकीत आहे का? दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का? पूर्वी अन्न अडकत नव्हतं तिथे आता अडकतं का? तोंडाला वास येतो का, दात हलतो का?

आता जिभेच्या बाजूने खालचे पुढचे दात बघा. लाळग्रंथींची तोंडं तिथेच जवळ उघडतात. लाळेतले क्षार दातांवरच्या चिकट थरात साचून त्याचं कडक कीटण होतं, आणि ते सगळ्यात आधी इथे दिसतं. पिवळट, खरखरीत थर जिभेलाही जाणवतो.

हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. तंबाखू, बिडी-सिगारेट यांची सवय असलेल्यांनी तर रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. धूम्रपानाने हिरड्यांमधलं रक्त येणं दबतं, आतलं हाड झिजतच असतं.

२. रक्त आलं म्हणून ब्रश थांबवू नका

नेमकी हीच चूक घरोघरी होते. रक्त दिसलं की माणूस ती जागा टाळतो, थर वाढतो आणि रक्तही वाढतं. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हुसच्या दंतमहाविद्यालयात याच लोए यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. सूज फक्त हिरडीपुरती असते तोवर ती पूर्ण बरी होते. पण एकदा आतलं हाड झिजलं की ते आपोआप परत येत नाही. तेव्हा आजार आहे तिथेच थांबवता येतो, आणि दात वाचवायला तेवढंही पुरतं.

३. घासण्याची पद्धत बदला

मऊ ब्रश घ्या. तो दातावर आडवा न धरता ४५ अंशांत तिरका धरा, केस हिरडीच्या कडेला टेकले पाहिजेत. एका वेळी दोन-तीन दात घ्या, जागच्या जागी हलके हलवा आणि मग कडेकडून दाताच्या टोकाकडे झटका. एकूण दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना. रात्रीचं घासणं चुकवूच नका.

मिश्री लावत असाल तर ती सोडा. भाजून पूड केलेली तंबाखू म्हणजेच मिश्री, आणि ‘दात शिवशिवतात म्हणून लावते’ असं म्हणणाऱ्या आजी-मावशींना खरं तर निकोटिनची सवय लागलेली असते. रागावून ती सुटत नाही. सोडताना डोकं दुखतं, चिडचिड होते, त्या दिवसांत घरच्यांनी सोबत द्यावी आणि दवाखान्यात मदत मागावी. खरखरीत लाल दंतमंजनाने दात झिजतात, तेही बंद करा.

४. फटी साफ करा

हिरड्यांचा आजार बहुधा दोन दातांच्या मध्ये सुरू होतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. फट अरुंद असेल तर फ्लॉस, मोकळी असेल तर फटीत जाणारा बारीक ब्रश. दिवसातून एकदा पुरे. सेफ्टी पिन आणि काडेपेटीची काडी कृपा करून वापरू नका.

५. दातांच्या डॉक्टरांकडे जाताना

साखरेचे ताजे रिपोर्ट आणि औषधांची यादी सोबत न्या. अम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि फिट्सच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढू शकतात, त्यामुळे यादी महत्त्वाची. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका, फक्त सांगा. हृदयात कृत्रिम झडप असेल तर ते सुरुवातीलाच सांगा, काही उपचारांआधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. वेळ शक्यतो सकाळची घ्या आणि नाश्ता व औषध घेऊनच जा. उपाशी गेलात तर खुर्चीतच साखर उतरू शकते.

डॉक्टरांना दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली मोजायला सांगा. १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ किंवा जास्त असेल तर तिथे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून खोल खाच, झालं आहे. मग कीटण काढावं लागतं, गरज पडली तर हिरडीच्या आतूनही.

‘दात साफ केले की हलायला लागतात’ हे वाक्य ऐकून कितीतरी लोक उपचार टाळतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. हाड आधीच झिजलेलं असतं. कीटणाने फटी बुजवून हलणारे दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात. ते निघालं आणि सूज उतरली की फटी उघड्या पडतात, थोडे दिवस थंड-गरम झोंबतं, एवढंच. न काढता सोडलं तर दात जातो.

खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं नायर किंवा गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय असे पर्याय आहेत. वेळ जास्त लागतो, हिरड्यांचा स्वतंत्र विभाग मात्र असतो.

६. तीन महिन्यांनी पुन्हा

तीन महिन्यांची साखर तपासाल त्याच सुमारास हिरड्याही परत दाखवा, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा.

हिरडीतून पू येणं, गाल किंवा जबडा सुजणं, ताप, तोंड उघडताना किंवा गिळताना त्रास, यातलं काहीही झालं आणि मधुमेह असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.