हीटर बिघडला तरी टाकीतले मासे वाचावेत यासाठी

गोव्यात माशांच्या टाकीला हीटर हवा तरी कशाला, असे पुष्कळ जण विचारतात, आणि वर्षातील आठ-नऊ महिन्यांपुरता हा प्रश्न रास्तही आहे. परंतु डिसेंबर-जानेवारीत किनारपट्टीवर पहाटेचा पारा २० अंशांच्या आसपास उतरतो, सत्तरी-सांग्याच्या घाटालगतच्या गावांत त्याहूनही खाली जातो आणि दुपारी पुन्हा ३०-३२ अंशांवर चढतो. लहान टाकीतील पाणी या चढउताराच्या मागोमाग हलत राहते. एंजल, गुरामी, फायटर आणि विशेषतः डिस्कस या माशांना ते सोसत नाही, आणि अंगावर पांढरे ठिपके उठण्याचा रोगही याच दिवसांत डोके वर काढतो. हीटर लागतो तो एवढ्यासाठी. गोल्डफिशला तो मुळीच लागत नाही.

आमच्या फोंड्याच्या घरी १०० लिटरची टाकी आहे. तिच्यासाठी मी पूर्वी २०० वॅटचा हीटर आणला होता, कारण मोठा हीटर पाणी लवकर तापवतो, असे मला सांगण्यात आले होते. जानेवारीतील एका पहाटे टाकीच्या काचेला हात लागला आणि ती कोमट वाटली. हीटरचा लाल दिवा जळत होता, थर्मामीटर ३५ अंश दाखवत होता आणि पाचही एंजल पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करत होते. त्यांतले दोनच वाचले. नंतर तो हीटर उघडून पाहिला, तेव्हा आतल्या दोन संपर्कबिंदूंवर मोहरीएवढा काळा डाग होता आणि ते बिंदू एकमेकांना घट्ट चिकटले होते.

साध्या हीटरमध्ये दोन धातूंची एक जोडपट्टी असते. पाणी तापले की ती वाकते, संपर्क सुटतो आणि वीज थांबते. प्रत्येक वेळी संपर्क जुळताना आणि सुटताना बारीक ठिणगी पडते, आणि हजारो वेळा असे झाल्यावर एखाद्या दिवशी ते बिंदू वितळून जुळून जातात. त्यानंतर हीटर बंद होतच नाही. हीटर अजिबात न लागणे हा दुसरा बिघाड. पण आपल्याकडे बंद पडलेल्या हीटरमुळे पाणी एका रात्रीत फार तर २२-२३ अंशांपर्यंत उतरते आणि बहुतेक मासे तेवढे सहन करतात. अडकून चालूच राहिलेला हीटर मात्र त्याच रात्रीत टाकीतले मासे मारतो. म्हणून गोव्यात सगळी काळजी या पहिल्या बिघाडाची घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

त्यातली सर्वांत स्वस्त आणि खात्रीची काळजी म्हणजे कमी वॅटचा हीटर घेणे. १ वॅटची उष्णता तासभर दिली तर १ लिटर पाणी सुमारे ०.८६ अंशाने तापते. म्हणजे २०० वॅटचा हीटर १०० लिटर पाणी तासाला जवळजवळ पावणेदोन अंशांनी तापवतो, तर ५० वॅटचा अर्ध्या अंशाहूनही कमी. शिवाय पाणी तापत जाते तशी काचेतून आणि पृष्ठभागावरून बाहेर जाणारी उष्णताही वाढते, त्यामुळे लहान हीटर अडकला तरी पाणी खोलीपेक्षा काही अंश वर जाऊन थांबते. थंड प्रदेशांसाठी सांगितलेले लिटरला १ वॅटचे प्रमाण आपण निम्म्यावर आणावे. त्यातही १०० लिटरला ५० वॅटचा एक हीटर घेण्याऐवजी २५ वॅटचे दोन घेऊन टाकीच्या दोन टोकांना लावावेत, म्हणजे एक अडकला तरी पाणी उकळत नाही आणि एक मेला तरी दुसरा निभावून नेतो.

दुसरा पहारेकरी म्हणजे बाहेरचा तापमान कंट्रोलर, म्हणजे पाण्याचे तापमान मोजून हीटरची वीज चालू-बंद करणारे उपकरण. हीटरची पिन थेट सॉकेटमध्ये न घालता कंट्रोलरमधून न्यावी, कंट्रोलर २६ अंशांवर ठेवावा आणि हीटरची स्वतःची तापमान ठरवायची चकती २८ वर ठेवावी. रोजचे काम कंट्रोलर करतो. त्याचा रिले (आतला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटला तर हीटरची पट्टी २८ वर वीज तोडते. कंट्रोलरचा सेन्सर मात्र पाण्याबाहेर घसरणार नाही असा पक्का बसवावा, कारण तो हवेत लोंबकळला तर खोलीचा गारवा मोजत हीटर चालूच ठेवतो. सुट्या तारांचा कंट्रोलर असेल तर जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. यांशिवाय टाकीत वेगळा थर्मामीटर असावा आणि सकाळी मासे पाहताना त्यावर नजर टाकावी.

पाणी बदलण्यापूर्वी हीटरची पिन काढून १५-२० मिनिटे थांबावे, कारण हीटरची तापलेली काचेची नळी उघडी पडून तिच्यावर गार पाणी आले की काच तडकते. नळीच्या आत दव दिसले तर तो हीटर त्याच क्षणी टाकून द्यावा. टाकीच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावी, आणि वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटात शिरत नाही. समुद्राजवळच्या घरांत खारट हवेने पिनांवर हिरवट थर चढतो आणि सॉकेट तापते. तो थर दिसला तर पिन आणि सॉकेट दोन्ही बदलावीत.

मार्च उजाडला की हीटर काढून ठेवावा. दिवाळीनंतर पुन्हा लावण्यापूर्वी बादलीभर गार पाण्यात तो पूर्ण बुडवून, थर्मामीटर ठेवून, दिवसभर चालवून पाहावा. ठरलेल्या अंशावर दिवा विझतो की नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो टाकीत घालू नये. तीन हिवाळे झाले की, चालू असला तरी, मी तो बदलतो.

जत्रांचे दिवस नेमके थंडीचेच असतात, आणि कुलदेवाच्या गावी दोन-तीन दिवस जाताना टाकी एकटी राहते. कंट्रोलर नसेल तर अशा वेळी हीटर बंद करून जावे. डिस्कस पाळणाऱ्यांनी मात्र शेजाऱ्याला सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर पाहायला सांगावे आणि पिन कोणती काढायची ते प्रत्यक्ष दाखवून ठेवावे.

एवढे करूनही पाणी तापलेले आढळले, तर पाण्यात हात घालण्याआधी पिन काढावी. त्यानंतर लगेच एअर पंप पूर्ण जोरात सोडावा, कारण २५ अंशांच्या १ लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३५ अंशांना जेमतेम ७, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. बर्फ थेट ओतू नये. टाकीचे झाकण उघडावे, पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा आणि क्लोरीन काढलेले, किंचित गार पाणी दहाव्या हिश्श्याएवढे हळूहळू बदलत तासाला अंश-दीड अंश या गतीने तापमान उतरवावे. त्या दिवशी खाद्य देऊ नये, आणि पुढचे चार-पाच दिवस अमोनिया तपासत राहावा, कारण उष्णतेने फिल्टरमधील, अमोनिया पचवणारे जिवाणूही दुखावलेले असू शकतात.