लंडन मिनिकॅब परीक्षा: नकाशावर मार्ग आखण्याचा सराव

लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची तर ‘नॉलेज’ पाठ करावं लागतं. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते! मिनिकॅबच्या (म्हणजे आधी बुक करायच्या खासगी टॅक्सीच्या) लायसन्ससाठी एवढी घोकंपट्टी नाही. तिथे टीएफएलची (लंडनची वाहतूक सांभाळणाऱ्या संस्थेची) टोपोग्राफिकल, म्हणजे नकाशा वाचण्याची, परीक्षा द्यावी लागते. नकाशापुस्तकाच्या सूचीतून रस्ता शोधणं, दिशा ओळखणं हे भाग थोड्या सरावाने जमतात. बहुतेकांचं घोडं अडतं ते मार्ग आखताना, कारण मोबाइलवरची निळी रेघ आयती मिळायची सवय झालेली असते.

ग्रेटर लंडनचं ए-झेड नकाशापुस्तक घ्या, शक्यतो नवी आवृत्ती. बेकर स्ट्रीटवर २०१९ मध्ये दुतर्फा वाहतूक सुरू झाली आणि सिल्व्हरटाउन बोगदा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. जुन्या पुस्तकावर हात बसवला तर असे बदल हुकतात. पानावर पसरायला पारदर्शक प्लॅस्टिक, पुसता येणारा बारीक मार्कर आणि वीतभर दोरा एवढं पुरे.

आधी चिन्हांचं पान नीट वाचा. वन-वेवर बाण असतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण ए-झेडमध्ये वन-वे असलेल्या ए-रस्त्यांच्या (ए५, ए४० असे क्रमांक असलेल्या मुख्य रस्त्यांच्या) एका कडेला जाड रेघही असते, आणि ती चालकाच्या डाव्या हाताला येते. तुमच्या मार्गात ती उजवीकडे येत असेल तर तुम्ही उलट्या दिशेने घुसला आहात.

आता एक मार्ग आखू. महाराष्ट्र मंडळ लंडनचं भवन ज्या डॉलिस हिल लेनवर आहे तिथून मॅरिलबोन रोडवरच्या मादाम तुसाँपर्यंत. सूचीत रस्त्याच्या नावापुढचा पोस्टकोड (इथे एनडब्ल्यू २) आधी बघा, कारण एकाच नावाचे रस्ते लंडनमध्ये ढिगाने आहेत. मग चौकोन आणि पान. दोन्ही टोकांवर ठिपका द्या. टोकं एकाच पानावर नसतील तर पुस्तकातल्या लहान प्रमाणाच्या नकाशावर दोन्हींमध्ये दोरा ताणा. दोरा किलबर्नजवळून जातो आणि त्याला लागूनच ए५ आहे. काम झालं: पाठीचा कणा ए५.

रेघ अशी जाईल: डॉलिस हिल लेनने पूर्वेकडे, ए५ ला उजवीकडे, मग सरळ दक्षिणेकडे. वाटेत रस्त्याचं नाव बदलत राहतं (क्रिकलवुड ब्रॉडवे, शूट अप हिल, किलबर्न हाय रोड, मेडा व्हेल, एजवेअर रोड), म्हणून नावाच्या नव्हे, क्रमांकाच्या मागे जा. पुढे मॅरिलबोन रोडला डावीकडे. इथेच गडबड होते: ए४० चा फ्लायओव्हर एजवेअर रोडच्या डोक्यावरून जातो आणि कागदावर तो चौकासारखा दिसतो. रेघ फ्लायओव्हरवर चढवू नका, खालच्या चौकातून वळवा. बेकर स्ट्रीटचा चौक ओलांडला की मादाम तुसाँ डाव्या हाताला. मॅरिलबोन रोड कंजेशन चार्जच्या (मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याच्या शुल्काच्या) हद्दीवर आहे, आत नाही. हा मार्ग धरला तर तो भुर्दंड पडत नाही.

दोन रेघा एकमेकींना छेदतात म्हणून तिथून वळता येतंच असं नाही, हे कायम डोक्यात ठेवा. मोटरवेवरच्या पुलावरून खाली उतरायला जोडरस्ता लागतो, आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर हवं तिथे उजवीकडे वळता येत नाही. राउंडअबाउटवर रेघ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. मधून आरपार ओढलेली रेघ म्हणजे गाडी हिरवळीवर. थेम्स ओलांडताना पूल आधी निवडा आणि मग दोन्हीकडचे रस्ते त्याला जोडा. हॅमरस्मिथ पूल मात्र एप्रिल २०१९ पासून मोटारींना बंद आहे.

पानाच्या कडेला रेघ तुटते तिथे समासात पुढच्या पानाचा क्रमांक असतो. तो क्रमाने पुढचाच असेल असं गृहीत धरू नका, दक्षिणेकडे जाताना तर बरीच पानं उलटावी लागतात. म्हणून मुद्दाम दोन-तीन पानांवर पसरलेले मार्ग सरावाला घ्या.

रेघ पूर्ण झाली की प्लॅस्टिक न पुसता परतीचा मार्ग दुसऱ्या रंगाने आखा. मध्य लंडनमध्ये वन-वेमुळे तो बहुधा वेगळा निघतो. दोन्ही रेघा तंतोतंत एकावर एक आल्या, तर एकीवरचे बाण पुन्हा तपासा.