आर भाषेत एकाच चित्रात चार आलेख कसे मांडावेत

फ्रान्सिस अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली आकड्यांचे चार संच मांडले. प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांत क्षची सरासरी ९, यची साधारण ७.५, सहसंबंध ०.८२ च्या आसपास आणि त्यांतून निघणारी रेषाही तीच: य = ३ + ०.५ क्ष. नुसते आकडे पाहणारा म्हणेल, चारही सारखेच. आलेख काढले की एकात बिंदू रेषेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात चक्क कमान, तिसऱ्यात सरळ रांग आणि एकच बिंदू फटकून, चौथ्यात दहा बिंदू एकावर एक उभे आणि अकरावा लांब उजवीकडे. ही गंमत चारही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. हा संच आर या संख्याशास्त्रासाठीच्या संगणकीय भाषेत आयताच मिळतो, म्हणून सराव त्यावरच करू. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या.)

आधी कागदाच्या चौकटी पाडा:

पार(एमएफरो = सी(२, २))

म्हणजे दोन आडव्या रांगा, दोन स्तंभ. यापुढचा प्रत्येक प्लॉट डावीकडून उजवीकडे एकेक चौकट भरत जातो. वरून खाली भरायचे असेल तर एमएफरोऐवजी एमएफकॉल.

आता चारही आलेख एका फेऱ्यात काढा. या तक्त्यात पहिले चार स्तंभ क्षचे आणि पुढचे चार यचे आहेत, त्यामुळे काम सोपे होते:

फॉर (आय इन १:४) {
प्लॉट(अँस्कोम्ब[[आय]], अँस्कोम्ब[[आय + ४]], एक्सलिम = सी(३, १९), वायलिम = सी(३, १३))
एबीलाइन(३, ०.५)
}

यातले एक्सलिम आणि वायलिम गाळायचा मोह होतो, कारण त्यांच्याशिवायही आलेख येतात. पण मग आर प्रत्येक चौकटीची मापे तिच्या बिंदूंवरून ठरवतो. तीच एक रेषा एकीकडे चढी, दुसरीकडे सपाट दिसते आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होते. माझ्या मते शेजारी शेजारी आलेख मांडताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. रंग आणि ठिपक्यांचे आकार नंतर बघता येतील.

चौकटी लहान झाल्या की समास डोळ्यांत खुपतात. मूळ समास खाली ५.१, डावीकडे ४.१, वर ४.१, उजवीकडे २.१ ओळींचे असतात. क्रम लक्षात ठेवायला सोपा: खालून सुरुवात, मग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. ‘फिगर मार्जिन्स टू लार्ज’ अशी तक्रार आली तर समास कमी करा किंवा आलेखाची खिडकी ओढून मोठी करा. सगळ्यांना मिळून एक मथळा हवा असेल तर बाहेरच्या समासात जागा सोडावी लागते:

पार(एमएफरो = सी(२, २), मार = सी(४, ४, २, १), ओएमए = सी(०, ०, ३, ०))

ही आज्ञा पहिल्या पारच्या जागी घाला. चारही आलेख झाल्यावर एमटेक्स्टमध्ये मथळा लिहून आउटर = ट्रू द्या.

चौकटी सारख्या नको असतील, म्हणजे वर एक रुंद आणि खाली दोन लहान, तर एमएफरोचे काम नाही. तिथे लेआउट:

लेआउट(मेट्रिक्स(सी(१, १, २, ३), २, २, बायरो = ट्रू))

एकचा आकडा दोनदा आला, म्हणून पहिल्या आलेखाला वरची अख्खी रांग. लेआउट.शो(३) म्हटले की आखणी आधीच दिसते.

चित्र जतन करताना क्रम चुकतो तो इथे: पारची मापे त्या वेळी उघड्या असलेल्या पटलाला (खिडकी किंवा चित्राची फाइल) लागतात. म्हणून आधी पीएनजी या आज्ञेने चित्राची फाइल उघडा (रुंदी २०००, उंची २००० ठिपके, रेस म्हणजे दर इंचाला २५० ठिपके दिले की ८ इंची चौरस मिळतो), मग पार, मग आलेख आणि शेवटी फाइल बंद करणारे डेव्ह.ऑफ(). पार आधी आणि पीएनजी नंतर केलेत, तर चार आलेख एका चित्रात येत नाहीत; फाइलला एकच ठराविक नाव दिले असेल तर फक्त शेवटचा आलेख हाती लागतो.

जीजीप्लॉट२ हे आरमधले आलेखांचे वेगळे पॅकेज वापरणाऱ्यांनी पारच्या नादी लागू नये, त्याच्यावर काही परिणाम होत नाही. एकाच तक्त्याचे गटवार तुकडे हवे असतील तर फॅसेट रॅप. वेगवेगळे आलेख जोडायचे असतील तर पॅचवर्क हे पॅकेज घ्या. त्यात (पी१, पी२ ही आलेखांना दिलेली नावे) पी१ + पी२ म्हटले की शेजारी, पी१ / पी२ म्हटले की एकाखाली एक.