उद्यम नोंदणी केली आणि क्लायंटचाच फोन आला: फ्रीलान्सरने ४५ दिवसांचा नियम कसा वापरायचा

मार्च २०२४ चा शेवटचा आठवडा, अकाउंट्समधून फोन. "मॅडम तुमचं ते उद्यम सर्टिफिकेट आहे ना, ते कॅन्सल करून टाकता का, म्हणजे पुढची कामं देताना आम्हाला प्रॉब्लेम नको." उद्यम म्हणजे लहान उद्योग-व्यवसायांची सरकारी नोंदणी. मी भाषांतराची कामं करते, डिसेंबरमध्ये दिलेल्या कामाचे साठ हजार यांच्याकडेच अडकलेले, आणि वर मलाच सांगतायत की रजिस्ट्रेशन रद्द कर. आधी डोकं फिरलं, मग सीए मैत्रिणीला फोन लावला तेव्हा कळलं की तो बिचारा अकाउंटंट का घाबरला होता.

झालं असं की लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे हा कायदा २००६ पासून आहे. करारात ९० दिवस लिहिले तरी मुदत ४५ च्या पुढे जात नाही, आणि लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. पण आपल्याच क्लायंटवर तक्रार करायला कोण जाणार, पुढचं काम नको का? म्हणून २०२३ च्या बजेटमध्ये सरकारने इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) घातलं: मायक्रो किंवा स्मॉल नोंदणी असलेल्याचं बिल मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे खरंच दिले त्या वर्षीच धरायचा. म्हणजे माझे साठ हजार ३१ मार्चपर्यंत दिले नाहीत तर २५ टक्क्यांच्या हिशोबाने कंपनीला त्या वर्षी अंदाजे पंधरा हजार टॅक्स जास्त. पुढे पैसे दिले की वजावट मिळते, पण तोवर पैसा अडकतो. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, पण सगळे अजून ४३बी(एच) च म्हणतात.)

हेतू चांगलाच होता. पण पैसे वेळेत देण्यापेक्षा नोंदणी नसलेला माणूस शोधणं सोपं, हे बाजाराला लगेच कळलं. सुरतच्या कापड बाजारात तीन-चार महिन्यांची उधारी नेहमीचीच, तिथे ऑर्डरी रद्द होतायत, लहान लोक स्वतःच उद्यम रद्द करतायत अशा बातम्या तेव्हा येत होत्या. आमच्या लाईनमध्ये वेगळीच गंमत, एका एजन्सीकडून पूर्वी दहा-बारा दिवसांत पैसे यायचे, आता त्यांनी सिस्टीममध्येच ४५ टाकलंय, बरोब्बर ४४व्या दिवशी येतात. जी कमाल मर्यादा होती तीच आता नॉर्मल झाली!

मग उद्यम काढायचं का? माझं मत, हो काढा, पण नीट काढा. सरकारी पोर्टलवर फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, पैसे मागणाऱ्या साइट एजंटांच्या असतात. अॅक्टिव्हिटी निवडताना सेवा निवडा, चुकून ट्रेडिंग टाकू नका, कारण व्यापाऱ्यांना उद्यम मिळतं ते बँकेच्या प्रायॉरिटी लोनपुरतं, या ४५ दिवसांचा फायदा त्यांना नाही. आणि काम घ्यायच्या आधी काढा. पैसे अडकल्यावर धावत जाऊन काढलं तर मागच्या कामाला त्याचा उपयोग होईल यावर अवलंबून राहू नका, सुप्रीम कोर्टाने सिल्पी इंडस्ट्रीजच्या केसमध्ये २०२१ ला नोंदणीचा फायदा मागच्या तारखेने द्यायला नकार दिलाय.

नवीन क्लायंट असेल तर कोटेशनवरच उद्यम नंबर टाकायचा. लपवून ठेवून मार्चमध्ये बाहेर काढला तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं आणि तेही बरोबरच आहे. ज्याला पळायचंय तो काम सुरू व्हायच्या आधी पळेल, आपले तास तरी वाचतील. त्याच कोटेशनवर "पेमेंट १५ दिवसांत" असं लिहा, नाहीतर त्यांच्या पीओमध्ये (परचेस ऑर्डरमध्ये) ४५ छापलेलं असतं आणि आपण न वाचता "कन्फर्म्ड" असा रिप्लाय मारतो, झाला करार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला तीन वर्षं माहीतच नव्हतं. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, काम दिल्यापासून मोजतात. क्लायंटला हरकत असेल तर ती १५ दिवसांत लेखी यायला हवी, नाही आली तर काम दिलं त्याच दिवशी स्वीकारलं असं धरलं जातं. म्हणूनच हल्ली "बिल एप्रिलमध्ये टाका ना" किंवा "फायनल अप्रूव्हल यायचंय" असली नाटकं जास्त चालतात. त्यामुळे फाइल व्हॉट्सअॅपवर ढकलून मोकळं व्हायचं नाही, मेल करायचा, विषयात "अंतिम फाइल" लिहायचं आणि त्याच दिवशी बिल जोडायचं. फोनवर कोणी "जरा दोन पानं बघा हो" म्हणालं तरी "मेलवर टाका" म्हणायचं.

हे सगळीकडे चालत नाही हेही सांगते. परदेशी क्लायंटला याचं काही देणंघेणं नाही. सरकारी खात्याला इन्कम टॅक्सची भीती दाखवून उपयोग नाही, तिथे फक्त व्याजाचा मुद्दा चालतो. व्याज मात्र जबरदस्त आहे, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ. मार्च २०२४ मध्ये बँक रेट ६.७५ होता म्हणजे सव्वावीस टक्के, साठ हजारांवर तीन महिन्यांचे साधारण तीन हजार नव्वद. शिवाय हे व्याज कंपनीला खर्चात दाखवता येत नाही. मी आजवर कोणाकडूनही व्याज घेतलेलं नाही पण आकडा मेलमध्ये लिहिते, आकडा दिसला की मेल पुढे सरकतो.

त्यानेही नाही झालं तर लहान उद्योगांच्या थकीत पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज, तो असे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो. निकाल आपल्या बाजूने लागला आणि क्लायंटला आव्हान द्यायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हे कलम भारी आहे. पण तिथे गेलात की तो क्लायंट गेला असंच समजा, म्हणून मी ते शेवटचं ठेवते.

मी उद्यम कॅन्सल केलं नाही. पैसे ३० मार्चला संध्याकाळी आले, आणि त्यानंतर आठ महिने त्या कंपनीकडून एकही काम नाही. ते गृहीत धरूनच चाला, एकाच क्लायंटवर घर चालत असेल तर आधी दुसरा शोधा आणि मग ताणा. त्या दिवशी पाठवलेला मेल साधारण असा होता, भांडणाचा सूर न लावता:

"नमस्कार, काम १२ डिसेंबरला पोचलं आहे, हरकत आलेली नाही. करारातली ४५ दिवसांची मुदत २६ जानेवारीला संपली. ३१ मार्चपूर्वी रक्कम जमा केलीत तर या वर्षीची वजावट तुम्हाला मिळेल, म्हणून आठवण करून देत आहे. उद्यम नोंदणी चालूच ठेवणार आहे, वेळेत पेमेंट झालं तर त्याने तुमच्या टॅक्समध्ये काहीच फरक पडत नाही. बँक डिटेल्स पुन्हा जोडले आहेत."

सीसीमध्ये त्यांच्या फायनान्स हेडला ठेवलं होतं.