इंग्लंडमध्ये स्टँड-अप: पहिल्या पाच मिनिटांपासून एडिंबरातल्या तासापर्यंत

इंग्लंडमधल्या कॉमेडी क्लबात रात्रीची मांडणी बहुतेक ठरलेली असते. कंपेअर, म्हणजे सूत्रसंचालक, सगळी रात्र सांभाळतो. सुरुवातीला वीस मिनिटांचा ओपनर, मग मध्यंतर, त्यानंतर दहा-दहा मिनिटांचे एक-दोन जण, पुन्हा मध्यंतर आणि शेवटी वीस ते तीस मिनिटांचा हेडलायनर, म्हणजे रात्रीचा मुख्य कलाकार. मधल्या भागात कुठेतरी पाच मिनिटांचा ‘ओपन स्पॉट’ बसवलेला असतो. नवख्यानं आत शिरायचं ते या दारातून. पाच, दहा, वीस आणि मग तासभर: या धंद्यातली बढती अशी मिनिटांत मोजतात. नियमित मानधन सुरू होतं ते वीस मिनिटं भरवशाची झाल्यावर, आणि तिथवर पोहोचायला बहुतेकांना काही वर्षं लागतात.

आजची रीत रुळली ती 1979 नंतर. त्या वर्षी मे महिन्यात लंडनच्या सोहो भागात एका स्ट्रिप क्लबाच्या जागेत कॉमेडी स्टोअर सुरू झालं आणि ॲलेक्सी सेल तिथले पहिले कंपेअर झाले. त्याआधी कामगार क्लबांतले कॉमेडियन बरेचसे सामायिक विनोद सांगत. एकच विनोद दहा गावांत दहा जणांच्या तोंडी असे. नव्या मंडळींनी स्वतः लिहिलेलंच सांगायचा दंडक घातला आणि तो अजून कडक आहे. व्हॉट्सॲपवरून आलेला किंवा दुसऱ्याच्या सेटमधून (रंगमंचावरच्या मजकुरातून) उचललेला विनोद बुकरच्या, म्हणजे क्लबासाठी कलाकार ठरवणाऱ्याच्या, लगेच लक्षात येतो, आणि बुकर एकमेकांशी बोलतात.

भारतातून शिकायला गेलेल्यांनी आधी व्हिसाच्या अटी वाचाव्यात. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार आणि मनोरंजन-कलाकार म्हणून काम, दोन्हींना मनाई आहे. बिनपैशाचा स्पॉट घेण्याआधीही विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या. व्हिसा पणाला लावण्याइतका कुठलाच हशा मोठा नसतो.

पाच मिनिटं लिहिताना

पाच मिनिटांचा स्पॉट असेल तर साडेचार मिनिटांचंच लिहा. रंगमंचावर मिनिटाला 130 ते 150 शब्द होतात आणि हशालाही वेळ द्यावा लागतो, म्हणून 500 ते 550 शब्द पुरेत. पहिला हशा पंधरा-वीस सेकंदांच्या आत यायला हवा. लोक तुम्हाला ओळखत नाहीत. तेवढ्या वेळात हसले नाहीत तर या माणसाला जमेल की नाही, या चिंतेत ते पडतात, आणि चिंतेतला माणूस हसत नाही.

मराठी माणसाची खरी अडचण वाक्यरचनेत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘घरमालकानं भिंतीतल्या उंदरालाही भाडेकरू धरलंय’ या वाक्यात ‘भाडेकरू’ला धक्का बसतो आणि ‘धरलंय’वर हशा फुटतो, आपला कान त्याला सरावलेला आहे. इंग्रजीत मात्र धक्क्याचा शब्द अगदी शेवटी लागतो: ‘माय लँडलॉर्ड काउंट्स द माउस इन द वॉल ॲज अ टेनंट.’ त्यापुढे ‘सिन्स लास्ट सप्टेंबर’ जोडलंत की लोक हसायच्या बेतात असताना तुम्ही बोलत राहता, ते ऐकायला थांबतात आणि हशा घशातच राहतो. प्रत्येक विनोदाचं शेवटचं वाक्य वेगळ्या कागदावर लिहा आणि उलगडा करणाऱ्या शब्दानंतर जे उरेल ते कापा किंवा आधी सरकवा. एवढ्या एका दुरुस्तीनं कितीतरी पडलेले विनोद उठतात.

संदर्भ समजावण्यात दोन वाक्यं गेली की तो विनोद क्लबात चालणार नाही, असं धरा. दादर-ठाण्याची लोकल इंग्रज प्रेक्षकाला परकी. स्लाव किंवा लेस्टरमधली तुमची भाड्याची खोली, डब्याच्या फोडणीनं वाजणारा धुराचा अलार्म, ही त्याच्या ओळखीची. कॉमेडियन पीटर के 1997 मध्ये एडिंबरातल्या गिल्डेड बलून या रंगस्थळाची नवोदितांची स्पर्धा जिंकले. त्यांचा बहुतेक विनोद बोल्टनमधल्या घरातला, लग्नातला, चहाच्या टेबलावरचा. गाव जितकं नेमकं, तितकी ओळख पक्की. उच्चारांबद्दल बोलायचं असेल तर एक वाक्य आणि पुढे चला. पाचही मिनिटं त्यावरच घालवलीत तर तुम्ही कोण आहात ते लोकांना कळतच नाही. लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या 1932 पासून चालत आलेल्या ठिकाणी मराठीत सेट करणं हा मोठा आनंद आहे, पण तिथला प्रेक्षक तुमच्या बाजूनंच बसलेला असतो. तिथला हशा क्लबासाठीच्या तयारीत मोजू नका.

स्पॉट मिळवणं

बुकरला चार ओळींचा ईमेल पुरतो: नाव, किती गिग (कार्यक्रम) झाले, किती मिनिटं मागताय, कोणत्या तारखा रिकाम्या आहेत. सोबत व्हिडिओची लिंक द्या. व्हिडिओ सलग, न कापलेला आणि हशा ऐकू येणारा हवा. जोडजाड केलेला व्हिडिओ पाहिला की मधला कापलेला भाग पडला असणार, असंच बुकर समजतो.

लंडनमध्ये काही ओपन माइकना, म्हणजे कुणालाही नाव देता येणाऱ्या कार्यक्रमांना, ‘ब्रिंगर’ म्हणतात: एक मित्र सोबत आणला तरच स्पॉट. तो मित्र शेवटपर्यंत बसलाच पाहिजे, आणि तुम्हीही. आपलं झालं की निघून जाणाऱ्याला पुन्हा बोलावणं येत नाही.

गाँग शो हा वेगळा प्रकार. कॉमेडी स्टोअरचा ‘किंग गाँग’ आणि मँचेस्टरच्या फ्रॉग अँड बकेटचा ‘बीट द फ्रॉग’ प्रसिद्ध आहेत. प्रेक्षकांतल्या काहींच्या हाती कार्डं असतात. ती वर गेली की गाँग, म्हणजे मोठी घंटा, वाजतो आणि तुम्ही बाहेर; पाच मिनिटं टिकलात तर अंतिम फेरीत. इथे दर दहा सेकंदांना हशा लागतो. सावकाश उलगडणारी गोष्ट तिथे नेऊ नका, आणि गाँग वाजला म्हणून तो भाग फेकूनही देऊ नका. धीटपणा यायला दोन-तीन गाँग शो पुरेत.

माइक, खोली, दिवा

स्टँडवरून माइक काढलात की स्टँड लगेच मागे किंवा बाजूला ठेवा. समोर उभा राहिलेला स्टँड तुमच्या आणि लोकांच्या मध्ये येतो. माइक तोंडापासून तीन-चार सेंटिमीटरवर, ओठांच्या थोडा खाली धरा. जाळी मुठीत आवळली किंवा माइक स्पीकरकडे वळला की शिट्टी वाजते. डोकं वळवलंत की माइकही सोबत वळवा. शेवटचा शब्द न ऐकू येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

खोलीत आधी जाऊन पाहा. चांगली खोली म्हणजे बुटकं छत, चिकटून मांडलेल्या खुर्च्या, प्रेक्षकांवर अंधार आणि तुमच्यावर उजेड. हसू शेजाऱ्याकडून लागतं, म्हणून तळघरातली खचाखच भरलेली चाळीस माणसं मोठ्या हॉलात विखुरलेल्या दीडशेंपेक्षा जास्त हसतात. पहिली रांग रिकामी असेल तर लोकांना पुढे बसवायला कंपेअरला सांगा. बारमधलं ग्लासवॉशर किंवा कॉफीचं मशीन चालू राहणार आहे का, तेही विचारा.

एक मिनिट उरलं की मागून लाल दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च दिसतो. दिवा दिसला की हातातला विनोद संपवायचा आणि उतरायचं. कमी हशा बुकर माफ करतो; वेळ खाणं माफ करत नाही, कारण तुमच्या दोन जादा मिनिटांमुळे हेडलायनरची शेवटची ट्रेन चुकू शकते.

कुणी मध्येच बोललं तर त्याचं बोलणं माइकवर पुन्हा म्हणा. मागच्या रांगांना ते ऐकू गेलेलं नसतं, आणि न ऐकलेल्या वाक्यावरचं तुमचं उत्तर त्यांना उद्धटपणा वाटतं. पहिलं उत्तर सौम्य द्या. लोक त्याच्यावर वैतागले असतील तरच धार लावा.

वही

नवख्यांना वेगळं काढणारी गोष्ट हीच. प्रत्येक गिग फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका आणि वहीत लिहा: तारीख, जागा, माणसं किती, तुमचा क्रम कितवा, आणि प्रत्येक हशाच्या जागेपुढे 0 ते 3 अंक. आठवणीवर विसंबू नका. उतरल्यावर घाबरलेल्या माणसाला सगळंच पडलंसं वाटतं आणि खूश झालेल्याला सगळंच चाललंसं. लिव्हरपूलच्या नॉटी ॲशचे कॉमेडियन केन डॉड (1927–2018) आयुष्यभर अशा नोंदी ठेवत: कोणत्या गावात कोणता विनोद कसा गेला. त्यांचे प्रयोग मध्यरात्र ओलांडत, तरी लोक उठत नसत.

एका वेळी एकच गोष्ट बदला. शब्द, क्रम आणि हावभाव तिन्ही बदललेत तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. तीन वेगवेगळ्या खोल्यांत 0 मिळाला की विनोद काढा. एकाच खोलीत पडला तर दोष बहुधा खोलीचा असतो. मध्यंतरानंतरचा पहिला क्रम अवघड, लोक ग्लास घेऊन अजून बसत असतात. तिथे नवा विनोद तपासू नका. नवं नेहमी मध्ये ठेवा. भक्कमपणात दुसरा असलेला विनोद सुरुवातीला, सर्वांत भक्कम शेवटी.

दहा मिनिटांपुढे गेलात की प्रवास सुरू होतो. शनिवारी रात्री अकराला उतरून शंभर-दीडशे मैल परत जायचं तर त्याच कार्यक्रमातल्या दुसऱ्याची गाडी वाटून घ्या. मिळालेला प्रत्येक पौंड आणि पेट्रोलची प्रत्येक पावती नोंदवा. 6 एप्रिल ते 5 एप्रिल या करवर्षात स्वतंत्र कामातून 1000 पौंडांपेक्षा जास्त आले तर वर्ष संपल्यानंतरच्या 5 ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटसाठी (आपलं करविवरण स्वतः भरण्यासाठी) नोंदणी करायची. खर्च वजा करण्याआधीची रक्कम मोजतात, इथेच बरेच जण चुकतात.

एडिंबरा

एडिंबरा स्कॉटलंडमध्ये असलं तरी इंग्लंडच्या कॉमेडियनचं वर्ष तिथल्या ऑगस्टमधल्या फ्रिंज या कलामहोत्सवाभोवती फिरतं. 1947 मध्ये आठ नाटक कंपन्या तिथल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचं निमंत्रण नसताना तिथे पोहोचल्या आणि फ्रिंज जन्मलं. आजही तिथे निवड समिती नाही, जागा मिळाली की प्रयोग करता येतो. म्हणूनच घाई करू नका. नवोदितांचा मोठा पुरस्कार पहिल्या पूर्ण लांबीच्या प्रयोगालाच मिळू शकतो. कच्चा तास नेला की ती संधी संपली. पहिल्या वर्षी तिघांनी मिळून वीस-वीस मिनिटं करा.

तास म्हणजे खरं तर 50 ते 55 मिनिटं, कारण पुढचा कलाकार दाराशी उभा असतो. तीन वीस मिनिटं जोडून तास होत नाही. त्यातून एक प्रश्न धावला पाहिजे आणि सुरुवातीला सहज टाकलेली गोष्ट शेवटी परत यायला हवी. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास खोली थकते. तिथे जोर वाढवण्याऐवजी लय बदला, एखादी शांत गोष्ट सांगा. फेब्रुवारीत लेस्टरचा महोत्सव, मेमध्ये वेल्समधल्या मखंथलेथचा आणि जून-जुलैत प्रिव्ह्यू (सरावाचे प्रयोग), अशा ठिकाणी हा तास घासून घ्या.

मोठ्या जागांचं भाडं, छापील कार्यक्रमातली नोंद आणि ऑगस्टमधली राहण्याची खोली यांत नवख्याची बचत सहज संपते. पीटर बकली हिल यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या फ्री फ्रिंजमध्ये कलाकाराला भाडं नसतं, प्रेक्षकाला तिकीट नसतं. शेवटी दाराशी पैशांसाठी बादली धरायची. बादलीचं आवाहन शेवटच्या हशानंतर तीस सेकंदांत करा. कार्ड मशीन ठेवा, कारण सुट्टे पैसे आता फार कमी जणांकडे असतात. दार एकच असेल तिथे स्वतः उभे राहा. बादली खुर्चीवर ठेवून निरोप घेणाऱ्याला निम्मेही मिळत नाहीत. फ्लायर (जाहिरातीची पत्रकं) सकाळी रॉयल माइल या मुख्य रस्त्यावर वाटण्यापेक्षा प्रयोगाआधीच्या तासाभरात जागेच्या आसपास वाटा: त्या वेळी भेटणाऱ्या माणसाला आत्ता काय पाहायचं, हाच प्रश्न पडलेला असतो. आठवड्यातून एक सुट्टी ठेवा, त्या दिवशी बोलणं कमीत कमी, कारण घसा साधारण दुसऱ्या आठवड्यातच बसतो.