दार-खिडकीची चौकट: झळा अडवणारी, पावसात न अडणारी

मे महिन्यात खिडकी बंद असूनही झळा आत येत असतील, तर दोष बहुधा लाकडाचा नसतो. हवा येते ती चौकट आणि भिंत यांच्यामधल्या भेगेतून, नाहीतर पल्ल्याच्या फटीतून.

सागवान गाभ्याचंच घ्या. कडेच्या पांढऱ्या भागाला वाळवी आधी लागते. चौकटीचं लाकूड दाराला 5 बाय 3 इंच, खिडकीला 4 बाय अडीच इंच पुरतं. ओलं लाकूड लगेच जोडलं की उन्हाळ्यात ते आटतं, पीळ धरतं. लोखंडी चौकटीला वाळवी लागत नाही खरी, पण लोखंडातून उष्णता लाकडाच्या शेकडो पट वाहते. पश्चिमेच्या खिडकीला ती नकोच.

पल्ला टेकतो ती खाच अर्धा इंच खोल असू द्या. चौकटीच्या पाठीला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, आणखी एक उभी खाच पाडा: पाव इंच खोल, इंचभर रुंद. पाठीला डांबर लावून मगच चौकट उभी करा. या खाचेत गिलावा दाबून भरला की पुढे लाकूड आटलं तरी भेग आरपार पडत नाही. सुतार हे काम सहसा टाळतात, पण झळा खऱ्या अडतात त्या इथेच.

मजबुती होल्डफास्टवर, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर. दाराच्या प्रत्येक बाजूला तीन, खिडकीला दोन. वरचा आणि खालचा टोकापासून फूटभर आत. ते नुसत्या विटेत न ठोकता 1:2:4 च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये बसवा, नाहीतर दार आपटून आपटून ढिले होतात.

काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; भिंत हलली की चौकट काटकोनातून जाते. म्हणून भिंतीचा भार चौकटीवर कधीच टाकू नका. लिंटेल, म्हणजे वरची भार पेलणारी आडवी तुळई, दोन्हीकडे किमान 6 इंच भिंतीवर टेकलेलं हवं आणि चौकटीच्या माथ्यावर 2 सूत (1 सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोकळे. उभी करताना दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात: आतून 3 बाय 7 फुटांच्या दाराचा कर्ण 7 फूट 7 इंच 3 सूत भरतो. उंबरठा नसेल तर खाली आडवी फळी ठोका आणि गिलावा पक्का होईपर्यंत काढू नका, नाहीतर पाय आत ओढले जातात. पाय जमिनीत पुरू नका, फरशीवर टेकवा.

पल्ला उन्हाळ्यात बसवत असाल तर चहूबाजूंनी 1 सूत फट ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगून ती भरते. तोवर पल्ला टेकतो त्या खाचेत रबरी पट्टी चिकटवा.